ऑइल टेम्परेचर गेज: बसवायचा कसा, वाचायचा कसा?

प्रश्न: माझ्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) बाइकला ऑइल फिलर कॅपच्या (इंजिनात ऑइल ओतायच्या तोंडावरच्या झाकणाच्या) जागी बसणारा गेज लावलाय. ट्रॅफिकमध्ये काटा ११० च्या पुढे जातो, इंजिन खराब होईल का हो?

उत्तर: अजिबात घाबरू नका, एअर-कूल्ड इंजिनात गरम झाल्यावर ९० ते १२० डिग्री सेल्सियस नॉर्मलच आहे, उलट ऑइल नीट तापलं की त्यात साठलेलं पाणी वाफ होऊन निघून जातं, म्हणून रोज जेमतेम दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीची मला जास्त काळजी वाटते. १३० च्या वर काटा टिकून राहिला तर मात्र बाजूला थांबा, इंजिन थंड होऊ द्या, मग ऑइलची लेव्हल बघा. आणि हो, काटा हळू चढतो, त्यामुळे एका क्षणाच्या आकड्यावर जाऊ नका.

बसवताना गेजच्या खालच्या, आत जाणाऱ्या दांडीची लांबी नक्की तपासा, टोक ऑइलमध्ये बुडायला हवं, वरच राहिलं तर आकडा भलताच येतो आणि जास्त लांब असेल तर आत फिरणाऱ्या गिअरला लागेल, ते फार वाईट. थ्रेड जुळतात ना बघा, ओ-रिंग (ऑइल गळू नये म्हणून असलेली रबरी रिंग) नवीन टाका, हातानेच घट्ट करा, पान्याने आवळू नका. थोडं चालवून कडेला ऑइल पाझरतंय का तेही बघा.