दोघंही बरोबर, मिसळ अर्धी अर्धी

प्रश्न : मित्राशी मिसळीची पैज लागलीय. तो म्हणतो २०१४ ते २०२४ संसदेत विरोधी पक्षनेताच नव्हता, मी म्हणतो गुलाम नबी आझाद होते की! कोण बरोबर? आणि राज्यसभेतल्या या पदाला काम तरी काय असतं हो, नुसता बंगला आणि गाडी? – एक वाचक, सांगली

उत्तर : बिल अर्धं अर्धं करा. मित्र लोकसभेचं बोलतोय, तुम्ही राज्यसभेचं. २०१४ ला लोकसभेत काँग्रेसचे ४४ आले, एक दशमांश म्हणजे ५५ हवे होते, म्हणून पद मिळालं नाही, २०१९ ला ५२ आले तेव्हाही तेच. राज्यसभेत २४५ चे दशमांश धरले तरी २५ च लागतात आणि तिथे काँग्रेस आरामात पुढे होती, त्यामुळे आझाद २०१४ पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत त्या खुर्चीत होते. गंमत म्हणजे संसदेतल्या विरोधी पक्षनेत्यांच्या पगार-भत्त्यांच्या १९७७ च्या कायद्यात दशमांश वगैरे काही नाहीच, सरकारच्या विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष आणि त्याच्या नेत्याला सभापतींची (लोकसभेत अध्यक्षांची) मान्यता, बास. दशमांशाचा हिशोब लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आपल्या दादासाहेब मावळंकरांच्या काळापासूनचा, तोही मुळात सभागृहात पक्ष म्हणून मान्यता द्यायची की नाही त्यासाठी.

आता खर्गे बघा. २०१४ ते १९ ते लोकसभेत काँग्रेसचे नेते, पण पद नाही. लोकपाल निवडीच्या समितीला त्यांना 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावायचे आणि ते जायचेच नाहीत, कारण निमंत्रिताला मत नसतं मग नुसतं बसून करायचं काय! पुढे लोकसभा हरले, राज्यसभेत आले आणि आझादांची मुदत संपल्यावर २०२१ मध्ये हेच पद कॅबिनेट दर्जासकट त्यांच्याकडे आलं. तेही २०२४ मध्ये काठावर आलं होतं, काँग्रेस २५ च्या अगदी जवळ घसरली होती.

कामाचं म्हणाल तर खरं सांगतो, कागदावर लोकसभेतल्या नेत्याचं वजन जास्त. सीबीआय संचालक, दक्षता आयुक्त, लोकपाल सगळीकडे तोच. राज्यसभेतल्याला मानवाधिकार आयोगाच्या निवड समितीत जागा आहे, बाकी फारसं नाही. पण राज्यसभा बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक निवृत्त होतात, त्यामुळे लोकसभेत लाट आली तरी इथे जुनं बळ शिल्लक राहतं. २०१५ चं भूसंपादन विधेयक लोकसभेत पास झालं आणि राज्यसभेच्या दारात अडकलं ते अडकलंच. (धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, मात्र राज्यसभेला १४ दिवसांच्या वर अडवता येत नाही.) आणि मनमोहन सिंग १९९८ ते २००४ याच खुर्चीत होते, तिथून उठले ते थेट पंतप्रधान झाले.

आपल्याकडेही २०२४ च्या निकालानंतर तसंच झालं की, विधानसभेत २८८ पैकी २९ कुणा विरोधी पक्षाला जमले नाहीत म्हणून ती खुर्ची रिकामी राहिली आणि विधान परिषदेत अंबादास दानवे मात्र ऑगस्ट २०२५ ला मुदत संपेपर्यंत विरोधी पक्षनेते.