बेल्ट दोनदा बदलला तरी गाडी सकाळी ओरडते, आता तिसरा घ्यावा का?

तुमची अडचण मला अशी कळली: दहा-बारा वर्षं जुनी डिझेल गाडी, सकाळी सुरू केली की बोनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज येतो, दहा-पंधरा सेकंदांत थांबतो आणि एसी लावला की परत येतो. मेकॅनिकने वर्षभरात दोनदा बेल्ट (इंजिनच्या जोरावर डायनमो, एसी वगैरे फिरवणारा रबरी पट्टा) बदलला, मधे पावडर मारून दिली, आणि आता तिसरा घ्या म्हणतोय.

आत्ता घेऊ नका.

माझं चिपळूणला गॅरेज आहे. पावसाळा लागला की ओरडणारा बेल्ट हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. ओरडतो बेल्टच, त्यात वाद नाही. पण पोर रडतंय म्हणून कोणी पोर बदलत नाही, चिमटा कोण काढतंय ते बघतात. नवीन बेल्टचे दात कोरे असतात, त्यामुळे महिना-दोन महिने तो सहन करतो, मग तोही रडायला लागतो. तुमच्याकडे दोनदा नेमकं हेच झालंय.

सकाळीच का ओरडतो ते आधी समजून घ्या, अर्धं निदान तिथेच आहे. स्टार्टर मारताना बॅटरीतून बराच करंट जातो. इंजिन लागलं की डायनमो (पुस्तकात अल्टरनेटर, गॅरेजात डायनमोच) तो भरून काढायला जोर लावतो. ९० अँपिअरचा डायनमो १४ व्होल्टला पूर्ण जोरात चालला तर सव्वा किलोवॅट वीज होते. त्याची स्वतःची तूट धरली तर बेल्टवर अडीच-तीन हॉर्सपॉवरचा ओढा येतो. आणि हा सगळा ओढा गाडीतल्या सगळ्यात लहान पुलीवर, जिथे बेल्टची मिठी सगळ्यात कमी. तिथे तो घसरतो. बॅटरी सावरली की ओढा कमी होतो आणि आवाज थांबतो. म्हणून आवाज पूर्वी पाच सेकंद टिकायचा आणि आता मिनिटभर टिकत असेल, तर बॅटरीसुद्धा तपासून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत.

आता घरच्या घरी करायची परीक्षा. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा. गाडी ओरडत असताना, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडे शिंतोडे मारा. धार नको, आणि डायनमोवर पाणी नको. आवाज क्षणभर थांबला आणि बेल्ट वाळल्यावर परत आला, तर कुठली तरी पुली लाइनीत नाही. पाण्याने आवाज वाढला, तर बेल्टला ताण कमी पडतोय. काहीच फरक पडला नाही, तर आवाज बेल्टचा नाहीच, कुठलं तरी बेरिंग बोलतंय. बाही, ओढणी, मोकळे केस सांभाळा. रेडिएटरचा पंखा तर इंजिन बंद असतानाही अचानक लागू शकतो.

पुढचं काम गाडी बंद करून, किल्ली खिशात घालून. बेल्ट कुठून कसा फिरलाय त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. हा फोटो न काढता बेल्ट उतरवलेली माणसं टोचन करून माझ्याकडे आलेली आहेत. बेल्ट उतरवला की एकेक पुली बोटाने फिरवायची. इथे बहुतेक जण फसतात. आयडलरची (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) पुली भिंगरीसारखी सुसाट फिरली की लोक खूश होतात, बेरिंग मस्त आहे म्हणतात. उलट आहे! आत ग्रीस असलेलं बंद बेरिंग गुपचूप फिरतं आणि लवकर थांबतं. भिंगरी झाली म्हणजे ग्रीस संपलं. बोटांना वाळू चुरचुरल्यासारखं लागलं, तर मग विचारायलाच नको. पुली वर-खाली धरून हलवूनही बघा, बेरिंगमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागता कामा नये. वॉटर पंपाखाली पांढरट किंवा गुलाबी सुकलेला डाग दिसला तर कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) झिरपतंय. ते बेल्टवर उडतं, आणि असा भिजलेला बेल्ट कितीही नवा असला तरी ओरडणारच.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. त्यातून काढलेल्या गाड्यांचं ऑइल बदललं, वायरिंग वाळवलं, गाड्या चालूही झाल्या. पण बेरिंगच्या आत गेलेला गाळ कोण काढणार? दिवाळीपर्यंत आयडलर, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), डायनमो एकेक करून बोलायला लागले. तुमची गाडी कधी पाण्यात बसली असेल, किंवा जुनी घेतली असेल आणि मागच्या मालकाने तसं सांगितलं नसेल, तर बेरिंगवर पहिला संशय घ्या.

ताणाबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. जुन्या जीपला एकेरी व्ही बेल्ट असतो, तो हाताने ताणावा लागतो. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १० मिलिमीटर दबायला हवा. शिकाऊ असताना एक बेल्ट ओरडत होता, मी टॉमी लावून तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला. आवाज गेला, गिऱ्हाईक खूश. महिन्याभरात वॉटर पंपाचं बेरिंग गेलं आणि जीप कुंभार्ली घाटात उकळली. उस्तादांनी नवा पंप माझ्या पगारातून घातला, बरोबरच केलं. तुमच्या गाडीला बहुधा अनेक खाचांचा चपटा बेल्ट आणि स्प्रिंगचा टेन्शनर असेल. तो हाताने ताणायचा नसतो. इंजिन चालू असताना त्याचा दांडा थडथड हलत असेल, तर स्प्रिंग थकलीय.

पावडर, साबण, मेणबत्ती, स्प्रे यातलं काहीही मारून घेऊ नका. आमच्याकडची तांबडी धूळ त्यावर बसते आणि खाचांत पॉलिश पेपर तयार होतो. गंज सोडवायचं तेल मारणारे तर थोरच. आवाज लगेच थांबतो, कारण बेल्ट आता मुकाट्याने घसरत असतो, आणि चौथ्या दिवशी बॅटरी बसते. जे मारलंय ते पुलीच्या खाचांतून वायर ब्रशने काढा.

आता ज्याच्यावर माझा खरा संशय आहे ते. गाडी बंद करताना, इंजिन थांबता थांबता, छोटासा चिर्र आवाज येतो का? तुम्ही लिहिलेलं नाही, पण आजच बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत डायनमोच्या पुलीत सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एकाच बाजूला धरणारी यंत्रणा असते. डिझेल इंजिन प्रत्येक स्फोटाला झटका देत फिरतं, आणि डायनमोचा जड गाभा त्याच्या दोन-अडीचपट वेगाने फिरत असतो, त्याला झटक्यासरशी थांबता येत नाही. फ्रीव्हील तो फरक गिळते. ती जाम झाली की सगळे झटके बेल्टला बसतात. बेल्ट उतरवून डायनमोचा पंखा अडवा आणि पुली फिरवा: एका बाजूला मोकळी फिरायला हवी, दुसऱ्या बाजूला धरायला हवी. दोन्हीकडे धरली तर चोर सापडला. ती काढायला वेगळा दातेरी बिट लागतो. हातोडी-छिन्नी काढणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

गेल्या पावसाळ्यात खेडहून एक सर आले होते, तुमच्यासारखीच गोष्ट, वर्षात दोन बेल्ट. मी बोनेट उघडणार तेवढ्यात त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि आतून चिर्र झालं. पुली बदलली, खाचा साफ केल्या. ते डिकीत तिसरा बेल्ट घेऊनच आले होते, पाकिटासकट. मी गाडीवरचा दुसरा बेल्टच परत चढवला, त्याच्यात अजून बराच जीव होता.