अमेरिकेतून परत जाताना बाळाचे वापरलेले कपडे, स्ट्रोलर वगैरे रिसेल शॉपला विकावं का? किती पैसे येतात?

तुम्ही लिहिलंय की बाळ १४ महिन्यांचं झालं, कपड्यांचे तीन खोके भरलेत, शिवाय स्ट्रोलर, बाउन्सर (बाळाला झुलवायची छोटी खुर्ची), लहानपणची कार सीट आहे आणि दोन महिन्यांत पुण्याला परत जायचंय, तर रिसेल शॉपला काय मिळेल आणि नेण्याआधी काय करायचं. मी कोलंबसला राहते, ओहायोत, दोन मुलांचं सगळं सामान असंच काढलंय म्हणून सविस्तर सांगते.

कपड्यांचे फार पैसे येत नाहीत हे आधीच धरून चला. मी पहिल्यांदा दोन मोठ्या काळ्या पिशव्या भरून नेल्या होत्या, साधारण ऐंशी नग असतील, तासभर थांबले आणि काउंटरवरच्या मुलीने त्यातले १७ बाजूला काढून १९ डॉलर सांगितले, बाकीचे सगळे परत. पहिल्या वाढदिवसाचा ड्रेस होता, एकदाच घातलेला, तोही परत आला, खूप वाईट वाटलं त्या दिवशी. नंतर हिशोब कळला. दुकान ती वस्तू जितक्याला विकणार त्याच्या साधारण एक तृतीयांश आपल्याला देतं, आणि जी वनझी (बाळाचा खाली बटणं लागणारा एकसंध कपडा) ते दीड-दोन डॉलरला विकणार तिचे आपल्याला पन्नास-साठ सेंटच येणार. त्यात तीन-सहा महिन्यांपर्यंतच्या मापाचे कपडे सगळ्यांकडेच नव्यासारखे उरतात, बाळ त्यातून आठ आठवड्यांत बाहेर पडतं, त्यामुळे दुकानात त्यांचे ढीग असतात. मूल चालायला लागलं की गुडघे झिजतात, डाग पडतात, म्हणून दोन वर्षांपुढचा चांगला कपडा आला तर तो लगेच घेतात.

आपल्याकडे बोहारीण दारात यायची ना, ती साडी उजेडात धरून कुठे विरलीय का बघायची, काठावरून बोट फिरवायची, मग एखादं पातेलं पुढे सरकवायची. इथेही तीच नजर असते, गळा बघतात, काख बघतात, चेन वर-खाली करून बघतात, बटणं मोजतात, फक्त घासाघीस चालत नाही, ते सांगतील तो भाव, पटलं तर द्या नाहीतर परत घ्या. सरकारी फोटो ओळखपत्र बरोबर ठेवा, बहुतेक ठिकाणी मागतात.

आता खोके उघडलेत की एक गोष्ट दिसेल, धुवून ठेवलेल्या कपड्यांवरसुद्धा गळ्याशी पिवळे डाग उमटलेले असतील. ते दुधाचे असतात, ठेवताना दिसत नाहीत आणि काही महिन्यांनी वर येतात. ऑक्सीक्लीन, म्हणजे डाग काढायची पावडर, टाकून गरम पाण्यात रात्रभर भिजवले आणि उन्हात वाळवले तर माझे तरी बरेचसे गेले. दुसरं म्हणजे मालिशच्या तेलाचा वास, आणि फोडणीचाही, आपल्याला सवय असते म्हणून कळत नाही पण दुकानात वासाच्या कारणाने कपडे परत येतात, तेव्हा धुतल्यावर पाच-सहा दिवस मोकळ्या हवेत राहू द्या. आणि काळ्या पिशवीत कोंबून नेऊ नका, घडी करून, मापाप्रमाणे लावून टोपलीत न्या. दुसऱ्या खेपेला मी असं नेलं तेव्हा अर्ध्याहून जास्त कपडे घेतले. सीझनही बघा, ते पुढच्या मोसमाचं घेतात, उन्हाळा संपत आला की स्वेटर-जॅकेट आणि थंडी संपायच्या आधीच उन्हाळी कपडे.

दुकानं दोन तऱ्हेची असतात. एक जागेवर पैसे देणारी, वन्स अपॉन अ चाइल्ड त्यातलंच, हे १९८५ साली आमच्या ओहायोतच पेरिसबर्गला सुरू झालं आणि आता बऱ्याच राज्यांत आहे. दुसरी कन्साइनमेंटची, म्हणजे वस्तू विकली गेली की मग तुमचा वाटा, तो जास्त असतो पण वाट बघावी लागते, तुमच्याकडे दोनच महिने आहेत तर त्या भानगडीत पडू नका. जस्ट बिटवीन फ्रेंड्ससारखे मुलांच्या वापरलेल्या सामानाचे सेल एखादा हॉल घेऊन भरतात, तिथे विक्रीच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, पण प्रत्येक कपडा हँगरवर लावून टॅग करायचा असतो. तुमच्या तारखांमध्ये जवळ कुठे बसत असेल तर स्ट्रोलर-बाउन्सरसाठी विचार करा. स्ट्रोलरचा चांगला भाव येतो, पण दुकानात देण्यापेक्षा फेसबुक मार्केटप्लेस किंवा महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलात तर जवळजवळ दुप्पट मिळतील. आधी सीटच्या फटीतला चुरा काढा, चाकं धुवा, पावसाचं कव्हर शोधून ठेवा, फोटो दिवसाउजेडी काढा.

हे सगळं झालं तरी मला खरं कळकळीने सांगायचंय ते पुढचं आहे. बाळ ज्यात झोपतं किंवा ज्याला बांधलं जातं अशी कुठलीही वस्तू रिकॉल, म्हणजे धोकादायक म्हणून परत मागवली आहे का, हे तपासल्याशिवाय विकू नका, फुकटसुद्धा देऊ नका. २००८ च्या कायद्यापासून इथे रिकॉल झालेली वस्तू विकणं बेकायदेशीर आहे, दुकान असो नाहीतर आपण घरून विकत असू. फिशर-प्राइस कंपनीचा रॉक अँड प्ले स्लीपर, म्हणजे बाळाला तिरकं निजवायचा छोटा पाळणा, एप्रिल २०१९ मध्ये परत मागवला, सुमारे ४७ लाख नग होते, तरी लोकांच्या घरात राहिले, हातोहात फिरले, आणि जानेवारी २०२३ ला पुन्हा जाहीर करावं लागलं कारण रिकॉलनंतरही किमान ८ बाळं त्यात दगावल्याची नोंद होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, कारण तसाच तिरका स्लीपर आमच्या माळ्यावर होता आणि मी तो एका मैत्रिणीला देणार होते. तो मी मोडून टाकला. नोव्हेंबर २०२२ पासून असे तिरके स्लीपर आणि क्रिबला, म्हणजे बाळाच्या कठड्याच्या पलंगाला, आतून लावायचे गुबगुबीत बंपर दोन्हीवर बंदीच आहे. एक बाजू खाली सरकणारा जुना क्रिब कोणी तुम्हाला दिला असेल तर तोही नाही चालत, २८ जून २०११ पासून विक्री बंद आहे. तुमच्या बाउन्सरच्या खाली स्टिकरवर मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख असते, तो सीपीएससीच्या, म्हणजे वस्तूंची सुरक्षितता बघणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेच्या, वेबसाइटवर टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. लहान मुलांच्या जॅकेटच्या टोपीला गळ्याशी नाडी असेल तर तीही ओढून काढून टाका, दुकानं तसं जॅकेट घेत नाहीत, नाडी कुठेतरी अडकून गळा आवळला जातो.

कार सीट दुकानात नेऊच नका असं मी म्हणेन. तिची मुदत असते, बहुतेक सहा ते दहा वर्षं, तारीख खालच्या बाजूला छापलेली असते, आणि गाडीला मोठा अपघात झाला असेल तर मुदत असूनही ती निकामीच धरायची. समोरच्याला हे बाहेरून बघून कळत नाही. मुदत संपली असेल तर टार्गेट हे मोठं दुकान वर्षातून साधारण दोनदा जुनी कार सीट घेऊन २० टक्क्यांचं कूपन देतं, तारखा जुळल्या तर तिथे द्या, नाहीतर पट्टे कापून मगच कचऱ्यात टाका म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही.

आजीने शिवलेली झबली आणि दुपटी मात्र विकायच्या खोक्यात राहू देऊ नका, इथे त्यांना कोणी विचारणार नाही आणि पुण्यात घरात पुढचं बाळ आलं की सगळ्यात आधी तीच मऊ झालेली मागतील. मी मोठ्याची सहा दुपटी ठेवली होती, धाकटीला झाली, आता नणंदेकडे आहेत.

आणि सध्या वापरात असलेली मोठी कार सीट आत्ता विकायला काढू नका, विमानतळापर्यंत जायला ती लागेलच. तुम्हाला सोडायला जे येतील त्यांना आधीच विचारून ठेवा, त्यांच्या ओळखीत लहान मूल असेल तर सीट कधी घेतली, अपघात झालेला नाही आणि मुदत कधीपर्यंत आहे हे कागदावर लिहून मागे चिकटवा आणि त्यांच्याच गाडीत राहू द्या.