ता. क.मधल्या गोळ्या

"बाबा ७८ वर्षांचे आहेत. सतत मरणाचंच बोलतात. आपण गेल्यावर कोणाकोणाला कळवायचं, त्याची परवा वहीत फोन नंबरांसकट यादी केली. 'असं अभद्र बोलू नका' म्हणून मी चिडते, रडते. त्यांना गप्प कसं करू?… ता. क. डबीतल्या गोळ्याही हल्ली उरतात, विसरतात बहुतेक."
– एक मुलगी

अहो बाई, चार पानं बाबांच्या बोलण्यावर लिहिलीत आणि गोळ्या ता. क.मध्ये कोंबल्यात!

बोलणं मला खटकलं नाही. मरणाची धास्ती पुष्कळदा म्हाताऱ्यांपेक्षा आपल्यालाच जास्त असते. ते निरवानिरवीचं काढतात आणि आपण कानांवर हात ठेवतो. ती यादी एरवी मी हसून बाजूला ठेवली असती. गोळ्यांमुळे पुन्हा वाचली.

ज्याला इतक्या जणांची आठवण राहते, तो नेमक्या गोळ्याच विसरतो? 'विसरतात बहुतेक' हे तुम्ही ठरवलंत. विचारलं नाहीत.

म्हातारपणातलं नैराश्य दरवेळी रडत येत नाही. झोप मोडते, भूक मंदावते, अंग दुखतं, आवडीचं काही हातात घ्यावंसं वाटत नाही. त्यासाठी डॉक्टर १५ हो-नाही प्रश्नांची एक चाचणी वापरतात. आवडीनिवडी सुटल्या का, कंटाळा येतो का, असं त्यात विचारतात. मरावंसं वाटतं का, हा प्रश्न मात्र त्यात नाही. तो वेगळा विचारावा लागतो.

तो आज तुम्ही विचारायचा. जेवणं आटोपली की टीव्ही बंद करा, डबी दोघांच्या मध्ये ठेवा आणि म्हणा, "बाबा, गोळ्या विसरता, की घ्यायच्याच नाहीत? जीव संपवावा असं मनात येतं का?" विचारल्याने नसतं काही डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं, किंवा त्यांनी नुसतीच मान फिरवली, तर त्यांना एकटं सोडू नका. उरलेल्या गोळ्या तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. 'आता या वयात काय' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. या वयातही माणसं उपचारांनी सावरतात. कधी थायरॉईड किंवा बी-१२ची कमतरताही निघते.

खरंच विसरत असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मग एखाद्या दुपारी ती वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. निम्मे नंबर बदलले असतील.