मोर्सच्या ऑक्सफर्डला पहिल्यांदा जाताना

आपण एका सहलीत मोर्स, पॉयरो आणि मिडसमर या तिन्ही ब्रिटिश गुप्तहेर-मालिकांची चित्रीकरणस्थळे उरकण्याचा बेत आखला आहे; माझा आग्रह असा की, पहिल्या खेपेस फक्त ऑक्सफर्ड घ्यावे, कारण १९८७ ते २००० या काळातील मोर्स मालिकेची बरीच ठिकाणे तेथे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत आणि मोटारीने गेल्यास वेळ पार्किंग शोधण्यातच जातो.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे महाविद्यालये संग्रहालयासारखी दिवसभर खुली असतात असे गृहीत धरणे. अनेक महाविद्यालये पाहुण्यांना केवळ ठरावीक वेळेत आत घेतात, काही प्रवेशशुल्क आकारतात आणि परीक्षांच्या काळात दारे बंदही ठेवतात. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येकाच्या संकेतस्थळावर वेळा पाहाव्यात. शेवटच्या भागात मोर्स जेथे कोसळतो, ते एक्सेटर महाविद्यालयाचे प्रांगण मात्र चुकवू नये.

दुसरी चूक पडद्यावरचा रस्ता सलग शोधण्याची. दृश्यांच्या संकलनात गाडी एका गल्लीत वळते आणि भलत्याच भागात निघते, तेव्हा नकाशाशी वाद घालू नये. दमल्यावर ऑक्सफर्डलगतच्या वुल्व्हरकोटचे नदीकाठचे ट्राउट इन हे मद्यगृह गाठावे; मोर्सच्या बिअरप्रेमाला तेच शोभते.

लंडनमधील फ्लोरिन कोर्ट, म्हणजे मालिकेत पॉयरो राहतो ती इमारत, पुढच्या खेपेस पाहावी. तेथे लोक राहतात, त्यामुळे छायाचित्र चौकातूनच घ्यावे आणि दारावरची घंटा वाजवू नये.