अलेप्पीची हाऊसबोट: बुकिंगआधी विचारलेले प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की केरळातल्या अलेप्पीच्या, म्हणजे आताच्या आलप्पुळाच्या, चौकशा येऊ लागतात. प्रश्न तेच ते, म्हणून इथेच उत्तरं देतो.

प्रश्न : मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेसने थेट आलप्पुळाला उतरता येतं का?
येतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेवढं तिकिटाआधी बघा.

प्रश्न : हाऊसबोट रात्रभर फिरते ना?
नाही. संध्याकाळी मच्छीमार जाळी टाकतात, त्यामुळे बोट काठाला बांधतात. एसी बहुतेक बोटींवर रात्रीच चालतो. दिवसा हवा असेल तर आधी लिहून घ्या.

प्रश्न : मोठे दहा, मुलं चार. एजंट म्हणतो, बोट दहाची असली तरी ‘मुलं धरत नाहीत’. भाडंही निम्मं. घेऊ का?
अजिबात नको. मुलं धरतात. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले, त्यांत मुलंच जास्त. मासेमारीची होडी दुरुस्त करून केलेली ती बोट, क्षमतेपेक्षा जास्त माणसं, वर अंधार पडायची वेळ. त्याआधी जुलै २००२ मध्ये मुहम्माहून कुमरकोमला जाणारी प्रवासी बोट बुडून २९ जण दगावले. तुमची सहल ज्या वेंबनाड तलावात आहे, त्याच तलावात.

तेव्हा धक्क्यावर गेल्यावर चहा नंतर घ्या. आधी बोटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक कागदाशी जुळवा आणि परवान्यावर किती माणसं लिहिलीत ते वाचा. मग वाकून सोफ्याखाली बघा. लाइफ जॅकेटं अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली किंवा पट्टे तुटलेली सापडली, तर तिथेच अडा. लहान मुलाच्या अंगावर एक चढवून बघा, मोठ्यांचं जॅकेट डोक्यावरून निसटतं. ‘आमच्या मेव्हण्याला काही झालं नाही’ हे ऐकून माझे कान किटले आहेत. फोटो एका बोटीचे आणि धक्क्यावर दुसरीच, हा प्रकारही जुनाच, म्हणून सगळे पैसे आगाऊ देऊ नका. शंका असेल तर जिल्हा पर्यटन परिषदेच्या कार्यालयात विचारा, आणि पैसे देण्याआधी विचारा.

प्रश्न : हाऊसबोट परवडत नाही. मग काय बघायचं?
बरंच काही. एसटी स्टँडजवळच्या जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याची बोट पकडा. तिकीट अगदी किरकोळ, आणि शेजारी शाळेची पोरं, बाजाराच्या पिशव्या. आलप्पुळाभोवतीच्या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, बांधापलीकडचं शेत बोटीतून खाली दिसतं. अरुंद कालव्यांत हाऊसबोट शिरतच नाही, तिथे वल्ह्याची होडीच हवी. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र जेट्टीवर विचारून ठेवा.

प्रश्न : नेहरू ट्रॉफीची होड्यांची शर्यत ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारीच असते ना?
असायची. २०२४ मध्ये वायनाडच्या दरडींनंतर ती २८ सप्टेंबरला झाली. तारीख जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे. अंबलप्पुळाच्या कृष्णमंदिरातलं पाल पायसम चालेल का?
दूध, तांदूळ आणि भरपूर साखर. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मला नाही.

प्रश्न : बोटीवरून पाण्यात उडी मारली तर?
मारू नका.