'सायफर'ला मराठीत काय म्हणायचं?

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलानं विचारलंय: "मावशी, आम्ही दहा-बारा जण दर शनिवारी गोदापार्कला गोल करून पाळीपाळीनं रॅप करतो, त्याला 'सायफर' म्हणतात. यंदा गॅदरिंगमध्ये तेच सगळ्यांसमोर करायचंय, सोबत दोन इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःची गाणी करणारे, बँडही वाजवणार आहेत. पत्रक मराठीत काढतोय. 'सायफर'ला कोशात 'कूटलिपी' सापडलं, ते चालेल का? आणि सायफर झाला, झाली की झालं? आमच्यात तिन्ही चालतं. एक मित्र म्हणतो, रॅपमधला 'बार' तमाशातल्या 'बारी'वरून आलाय. खरं का?"

'कूटलिपी' पत्रकावर अजिबात टाकू नका. कोश चुकलेला नाही, पण तो ज्या सायफरबद्दल बोलतोय तो गुप्त संदेशांचा. तुमच्या सायफरमध्ये लपवण्यासारखं काही नसतं, उलट जे पोटात आहे ते चारचौघांत मोकळं करायचं असतं. तरीही हे दोन्ही सायफर एकाच घरचे आहेत आणि ते घर आपल्या फार जवळचं आहे.

आपल्याकडच्या 'शून्य' या शब्दाचा अर्थ रिकामं. हा अंक अरबांकडे गेला तेव्हा त्यांनी आपला शब्द उचलला नाही, अर्थ उचलला. त्यांच्या भाषेत रिकाम्याला 'सिफ्र' म्हणत, तेच शून्याचं नाव झालं. हिंदी-उर्दूतलं 'सिफर' ते हेच. युरोपात पोचल्यावर या एका शब्दाला दोन वाटा फुटल्या. एका वाटेनं 'झीरो' झाला, दुसरीनं 'सायफर'. सायफरचा अर्थ आधी शून्य, मग कुठलाही अंक, आणि अंक वापरून गुप्त मजकूर लिहायची पद्धत पडली तेव्हा गुप्त लिपी. कोशात तुला सापडला तो हा शेवटचा मुक्काम.

रॅपवाल्यांनी मात्र शब्द पहिल्या मुक्कामावरून घेतला, शून्यावरून. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९६४ साली फाइव्ह पर्सेंटर नावाचा कृष्णवर्णीयांचा एक पंथ सुरू झाला. त्यांच्या शिकवणीत प्रत्येक अंकाला अर्थ आहे आणि शून्याला ते सायफर म्हणतात, म्हणजे ३६० अंशांचं पूर्ण वर्तुळ. पंथातली माणसं गोल उभी राहून आपली शिकवण पाळीपाळीनं म्हणत, त्या गोलालाही सायफर म्हणू लागली. पुढे न्यूयॉर्कच्या कितीतरी रॅपरांवर या पंथाचा प्रभाव पडला आणि त्यांच्या तोंडून शब्द जगभर गेला. म्हणजे तुम्ही शनिवारी गोल करून उभे राहता तेव्हा जमिनीवर माणसांचं एक शून्य काढता.

मराठीत शून्याला आणखी एक सुंदर शब्द होता, 'पूज्य'. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तो या अर्थानं आहे. माझी आजी हिशेबाच्या वहीत 'बाकी पूज्य' लिहायची. पत्रकावर 'पूज्य' लिहा असं म्हणत नाही, आज कुणाला कळणार नाही. पण ज्या भाषेनं शून्याला पूज्य म्हटलं त्या भाषेत सायफर परका वाटायचं कारण नाही, एवढं मनात असू द्या.

आता मराठी शब्द. मी घाईनं उत्तर देणार नव्हते म्हणून गेल्या महिन्यात मुद्दाम गोदापार्कला जाऊन उभी राहिले. तुमचाच गट होता की दुसरा, माहीत नाही. पंधराएक पोरं, तीन मुली. मधे फरशीवर पालथी घातलेली पाण्याची बाटली आणि तिला टेकवून ठेवलेला छोटा स्पीकर. ठेका सुरू झाला. एक मुलगा दोन पावलं आत आला, मान खाली, बोटं मांडीवर मोजत. त्याचं संपत आलं तसा समोरच्या मुलीनं नुसता हात वर केला, आणि त्यानं शेवटची ओळ म्हणता म्हणता मागं सरकून तिला जागा दिली. तिनं त्याच्याच शेवटच्या शब्दाचं यमक पकडून सुरुवात केली. मागची चौघं प्रत्येक ओळीच्या टोकाला तिचा शेवटचा शब्द तिच्यासोबत म्हणत होती. कुणी निवेदक नाही, मंच नाही. चालायला आलेले दोन आजोबा थांबले तर पोरांनी खांदे सरकवून त्यांना गोलात घेतलं.

जे पाहिलं त्याला शब्द शोधायचा, इंग्रजी शब्दाला नाही. 'मैफल' बसत नाही, कारण मैफलीत गाणारा एका बाजूला आणि ऐकणारे दुसऱ्या बाजूला. 'मुशायरा'तही तसंच. 'जलसा' मोठा शब्द आहे, त्याच्यामागे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांचा इतिहास उभा आहे, पण तो ठरवून बसवलेला कार्यक्रम. 'फड' मला मनापासून आवडतो. बागलाणात मोसम नदीवर आणि धुळ्याकडे पांझरेवर बंधाऱ्याच्या पाण्याची जी जुनी वाटणी आहे तिला फड पद्धत म्हणतात. उसाचा फड, कुस्तीचा फड, तमाशाचा फड, सगळीकडे माणसं एकत्र येऊन कस लावतात. पण तमाशाच्या फडाला मालक असतो. सायफरला कुणी मालक नसतो, आणि हीच त्याची खरी ओळख आहे.

म्हणून माझं मत 'रिंगण'. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, तिचं रिंगण सिन्नर तालुक्यात दातलीला होतं. ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मधली जागा मोकळी, पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व. प्रत्येकाची पाळी येते, आणि कडेला उभा असलेला माणूस नुसता बघ्या नसतो, रिंगण त्याच्यामुळेच उभं राहतं. हेच मला गोदापार्कला दिसलं. वारीचा शब्द रॅपला कशाला, असं कुणी म्हणेल. पण रिंगण एकट्या वारीचं कधीच नव्हतं. गोट्या खेळताना मातीत काढतो ते रिंगण, भोवऱ्याचं रिंगण, निवडणुकीचंही रिंगण. वारीनं त्याला मोठं केलं, तुम्ही त्याला आणखी एक अर्थ द्या.

लिंगाचं म्हणशील तर 'रिंगण झालं', तिथे वाद नाही. 'सायफर'च ठेवायचा असेल तर मी 'सायफर झाला' म्हणेन. बाहेरून आलेल्या शब्दाला आपण लिंग देतो ते बहुतेक वेळा घरातला जवळचा शब्द पाहून. गाडीमुळे बस ती झाली, पुस्तकामुळे बुक ते झालं. जवळचा शब्द सापडेना की कान ठरवतो, आणि शेवटी 'र' असलेल्या शब्दांत आपला कान एकमतानं चालत नाही: पेपर तो, मोटर ती, थिएटर ते. त्यामुळे तुमच्यात तिन्ही चालतात यात चूक कुणाचीच नाही, शब्द अजून स्थिरावतोय. मनात 'कार्यक्रम' असेल तर झाला, 'मैफल' असेल तर झाली. 'गिग', म्हणजे बँडचा कार्यक्रम, बहुतेकांच्या तोंडी ती आहे, मैफलीसारखीच. पत्रकात एकच काहीतरी धरा म्हणजे झालं.

'बार' आणि 'बारी'चं मात्र तुझ्या मित्राला सांग, कल्पना छान आहे, पण खरी नाही. बार म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखनातली उभी रेघ. दोन रेघांच्या मधलं माप तो एक बार, रॅपमध्ये बहुधा चार ठोक्यांचा. सोळा बारांचं कडवं म्हणजे चौसष्ट ठोके, आणि मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत ते जेमतेम ४३ सेकंदांत संपतं. त्रेचाळीस सेकंदांत माणूस काय काय सांगून जातो, ते त्या मुलीकडून मी ऐकलं. 'आवर्तन' म्हणू नका. आवर्तन तालाचं असतं, केरव्याचं आठ मात्रांचं, तीनतालाचं सोळा. बारला आवर्तन म्हटलंत तर तबलजी आणि रॅपर दोघांचीही मोजणी चुकेल. 'बार'च ठेवा. मराठी कानाला तो परका नाही, बंदुकीचा बार आहे, लग्नाचा बार उडवतात, डाळिंबवाले शेतकरीही बहाराला 'बार धरला' म्हणतात. व्युत्पत्ती वेगवेगळ्या, पण 'काय बार टाकलास!' हे वाक्य आपल्या भाषेत सहज उभं राहतं.

आणि 'बारी'? ती वेगळी, पण तुमच्या कामाची. बारी म्हणजे पाळी, संस्कृत 'वार'शी नातं असलेला शब्द, 'वारंवार'मधला. त्र्यंबकला दर्शनबारीत आपण उभे राहतो ती हीच. कोकणात दोन भजनी मंडळं समोरासमोर उभी ठाकतात त्याला डबलबारी म्हणतात. दोघं रॅपर एकमेकांवर तुटून पडतात त्या बॅटलला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. रिंगणात प्रत्येकाला एक बारी, शेवटी डबलबारी. 'सवाल-जवाब' इथे वापरू नका. शाहिरांच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यात एक बाजू शक्तीची, दुसरी शिवाची, आणि समोरच्यानं घातलेलं कोडं सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. बॅटलमध्ये कोडं नसतं, टोला असतो.

ओळीचा शेवट सोबत म्हणणाऱ्या त्या चौघांना तुम्ही हाइपमॅन म्हणता. आपल्याकडे तो झीलकरी. शाहिराच्या मागे उभं राहून 'जी जी रं जी' ओढतो, त्याला श्वास घ्यायला जागा देतो आणि लोकांचा कान सुटू देत नाही. काम तेच, आणि शब्द जिवंत आहे. फ्लोला, म्हणजे ठेक्यावर शब्द वाहतात त्या चालीला, 'ओघ' सुरेख बसतो. बीटला 'ठेका' म्हणा, ज्या गावाचा ढोल देशभर 'नाशिक ढोल' म्हणून वाजतो त्या गावानं ठेक्यासाठी बाहेर शब्द शोधायला जाऊ नये. फ्रीस्टाइल तशीच राहू द्या, 'शीघ्रकवित्व' बरोबर असलं तरी तुमच्या तोंडी ते रुळणार नाही. इंडीलाही हात लावू नका.

'लाइव्ह'बद्दल तू विचारलं नाहीस, पण तुम्ही पत्रकात 'थेट संगीत' लिहाल अशी मला धास्ती आहे. 'थेट' प्रक्षेपणाला ठीक, तिथे घटना थेट घरी येते. समोर वाजणाऱ्या बँडला मराठीत 'प्रत्यक्ष' म्हणतात. 'जिवंत' गणपतीतल्या देखाव्यासाठी चालतं, कारण तिथे मूर्तींऐवजी माणसं उभी असतात.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला या सगळ्यापेक्षा जवळची आहे. मराठी शब्द वापरला की कार्यक्रम जुनाट वाटेल, ही भीती तुझ्या प्रश्नामागे आहे असं मला जाणवलं. अमरावतीचा सौरभ वऱ्हाडी बोलीत रॅप करतो आणि आपलं नाव '१००आरबीएच' असं लिहितो. शंभर वाचलं तर काहीच कळत नाही, 'सौ' वाचलं की सौरभ उभा राहतो. भाषेशी खेळायची ही हिंमत आहे. आणि आपला जिल्हा तर शाहिरांचा. पेशवाईतले परशराम सिन्नर तालुक्यातल्या वावीचे, कपडे शिवता शिवता लावण्या रचणारे. वामनदादा कर्डक त्याच तालुक्यातल्या देशवंडीचे. गावोगाव उभं राहून त्यांनी आंबेडकरांचा विचार गाण्यातून पोचवला आणि २००४ साली नाशकातच देह ठेवला. हातात माइक नसला तरी माणसं गोळा करून त्यांच्याच बोलीत त्यांच्या जगण्याबद्दल बोलायचं, हे काम इथे तुमच्याआधीही झालेलं आहे.

पत्रकावर असं लिही: "रॅपचं रिंगण. प्रत्येकाला एक बारी, सोळा बार. शेवटी डबलबारी. त्यानंतर दोन इंडी बँड, प्रत्यक्ष." खाली बारीक अक्षरांत 'सायफर' हा शब्दही असू द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. आणि 'झीलकरी हवेत' अशी एक ओळ टाक. ज्यांना अजून ओळी रचता येत नाहीत, पण गोलात उभं राहायचंय, ती पोरं त्या ओळीवर येतील.